नलूताईंची जॅझ पार्टी

नलूताईंच्या घरात शिरायचं तर आधी मोबाइल तांदळाच्या डब्यात टाकावा लागतो. "मोरेभाऊ, आत एकोणीसशे पंचवीस चालू आहे," असं दारातच सांगून त्या डबा पुढे करतात. मागे पेशवाई चालू होती तेव्हा त्यांनी फ्रीज बंद ठेवला आणि आठवडाभर दूध नासवलं.

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर तो इतिहास शेजाऱ्यांना भोगावा लागतो. मी चौथी शिकलेला, पानिपतच्या मिलमध्ये मागांचा फिटर होतो. माझं पानिपत म्हणजे चादरी आणि सतरंज्या. हे मी एकदा त्यांच्यासमोर बोललो आणि अख्खी लढाई ऐकावी लागली. चहासुद्धा लढाई संपल्यावर मिळाला.

माझी बायको शांता गेली तेव्हा लोक येऊन बसायचे, उसासे टाकायचे आणि बिस्किटं खाऊन जायचे. नलूताई आल्या त्या स्क्रूड्रायव्हर घेऊन. "माझा पंखा कुरकुरतोय. चला." मला रागच आला. पण पंखा खरंच कुरकुरत होता. नंतर नळ, मग मिक्सर, मग कपाटाची कडी. या बाईच्या घरात धड चालणारं काहीच नाही, असं माझं मत झालं.

त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कॉलेजच्या चार मुली भाड्यानं राहतात. गाणी मोठ्यानं लावतात, हसतात त्याहून मोठ्यानं. तक्रारी व्हायच्याच. शेवटी सेक्रेटरी खन्नाजींनी बजावलं, "एक और कंप्लेंट आई तो फ्लॅट खाली."

आणि नेमकी तेव्हाच पोरींना कॉलेजच्या दोस्तांसाठी पार्टी करायची होती. जॅझच्या जमान्याची. दुसऱ्या कुणी त्यांना गप्प बसवलं असतं. नलूताईंनी सोसायटीचा हॉल स्वतःच्या नावावर घेतला.

"तक्रार आली तर पोरी जातील," मी म्हणालो.

"नाही जाणार. सगळं त्या काळासारखं झालं पाहिजे, बस. तपशील, मोरेभाऊ, तपशील."

मग मला शिकवणी. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, पिपाण्या, ढोल. बायकांनी केस कापले, झालरीचे झगे घातले, कपाळाला मोत्यांच्या माळा बांधल्या.

"म्हणजे मुंडावळ्या," मी म्हणालो.

नलूताई माझ्याकडे बघतच राहिल्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला हुशार समजलं, आणि तिथंच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवसापासून त्या सेक्टरभर मराठी घरं पालथी घालायला लागल्या. कुणाच्या लेकीच्या, कुणाच्या सुनेच्या, मुंडावळ्यांचा ढीग जमला.

"वहिनींच्या असतील ना?"

"आहेत. देणार नाही."

"बरं," म्हणाल्या. पुन्हा तो विषय काढला नाही. मला खुर्च्या मांडायला जुंपलं.

वाजवायला उत्तम नगरचे बँडवाले आणले. जॅझ ऐकवायचं तर मोबाइल डब्यातून काढावा लागला असता, म्हणून बाईंनी तोंडानंच वाजवून दाखवलं. बँडमास्तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "समझ गया मैडम," आणि संध्याकाळी त्यानं सरळ वरातीचं वाजवलं.

मुंडावळ्या इतक्या जमल्या होत्या की मुलांनाही बांधल्या. सूटबूट घातलेली पोरं, चमचमत्या झग्यातल्या पोरी, सगळ्यांच्या कपाळावर मोती, आणि वर ट्रम्पेट. एकेक खिडकी उघडायला लागली. मी पोरींकडे बघितलं. त्यांचं नाचणं थांबलं होतं, कारण दारात खन्नाजी उभे होते.

त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. रुमालानं कपाळ टिपलं. मग चपला बाहेर काढून आत आले आणि हात जोडले.

"पहले बताना चाहिए था जी. शादी में कौन मना करता है?" दिल्लीत गाण्याची तक्रार होते, वरातीची कुणी करत नाही. "लड़की वाले कौन हैं?"

बँड थांबला. मी म्हटलं, संपलं. तारखेतला आकडा चुकला तरी भर सभेत उभं राहून दुरुस्त करणारी बाई आहे ही. आता इतिहास सांगणार आणि पोरींचं सामान गेटबाहेर.

नलूताई खुर्चीवरून उठल्या. पदर खांद्यावर घेतला.

"मैं हूँ जी," म्हणाल्या. "चारों मेरी हैं."

खन्नाजी खूश. चार लग्नं एकाच मांडवात, म्हणून बाईंच्या हिमतीचं कौतुक करत ते स्वतःच नाचायला उतरले. बँड दुप्पट जोरानं सुटला.

नलूताई मात्र दिसेनात. हॉलमागच्या मोरीपाशी सापडल्या. माझ्याकडे पाठ करून कोरडी ताटं पुसत होत्या. एकच ताट, पुन्हा पुन्हा.

"डोळ्यात काही गेलं का?" मी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

मी ताट हातातून काढून घेतलं. फडकंही घेतलं.

"मुलीच्या आईनं आज ताटं पुसायची नसतात. पोरी शोधतायत. जा बाहेर."

त्यांनी नाक पुसलं, निऱ्या सारख्या केल्या आणि गेल्या. मी दारातून बघत होतो. पोरींनी त्यांच्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवली होती. पण बसू कोण देतंय. चौघींनी हात धरून त्यांना मधे ओढलं.