मारुतीला दाखवलेलं तारण

कायद्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या पांढुर्ण्यात नव्हता! म्हणून चौऱ्याऐंशी साली आमच्या धाकट्या भावानं, हिरामणनं, संत्र्याच्या सरबताची कंपनी काढली, तेव्हा मी बायकोला छाती ठोकून सांगितलं, "यमुना, तुह्या दोन पाटल्या मोडू अन् कंपनीले कर्ज देऊ. बदल्यात मशीन तुह्या नावानं तारण! कंपनी बुडाली तं मशीन आपलं!"

पोळ्याला कागद झाला. गुणवंता वकील म्हणाले, "भाऊ, हा कागद महिन्याच्या आत ग्वाल्हेरले, कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे नोंदवा. उशीर झाला अन् कंपनी बुडाली, तं याच्यात फुटाणे बांधा."

"महिना? महिन्यात मी ग्वाल्हेरले पायी जाऊन येतो जी!"

दुसऱ्या दिवशी गावची गोटमार जत्रा. नदीच्या दोन्ही काठांवरून दगड उडत असताना टपाल टाकायला कोण जातो? मग गणपती बसले, मुहूर्त चांगला होता. पण आमच्या घरची रीत अशी, की कोणताही नवा कागद आधी जामसांवलीच्या मारुतीच्या पायाशी ठेवायचा, आणि तोही शनिवारीच. पहिल्या शनिवारी बसच पंक्चर! दुसऱ्या शनिवारी कागद पायाशी ठेवला, नारळ फोडला, घरी आलो, तर दारात पितृपक्ष उभा. पितृपक्षात नोंदणी? पूर्वज काय म्हणतील! शेवटी दसऱ्याला, सोनं वाटता वाटता, कागद टपालात टाकला. मुहूर्त असा फक्कड, की पोस्टमास्तरांनीही पाकिटाला नमस्कार केला.

इकडे मशीन सुरू झालं. ते संत्रं सालीबियांसकट पिळायचं! मोहगावच्या एका लग्नात वऱ्हाडानं हे सरबत एकेक घोट घेतलं आणि पंगतीला न बसताच बसस्टँड गाठलं. नवरदेवसुद्धा! संक्रांतीच्या आत कंपनी मोडीत निघाली.

मी बंडी जुंपून, यमुनेला घेऊन मशीन आणायला गेलो. दाराला सील! समोर लिक्विडेटर, म्हणजे बुडालेल्या कंपनीचं सामान विकून घेणेकऱ्यांत वाटणारे साहेब.

"मशीन आमचं आहे," मी ऐटीत म्हणालो.

"तुमचा कागद ग्वाल्हेरहून परत आलाय. मुदत संपल्यावर पोचला. तुमचा पहिला हक्क गेला. रांगेत बसा."

"अहो, मुदतीच्या आत मारुतीले दाखवला होता!"

"ते रजिस्ट्रार आहेत का?"

बाहेरगावचा माणूस! त्याला काय सांगणार?

रांगेत शालिकराम बँडवाला बसला होता. कंपनीच्या उद्घाटनाला वाजवल्याचे पैसे त्याचेही अडकले होते. त्यानं सरकून जागा दिली. "या भाऊ! तुमचं तं पक्कं होतं म्हनत होते ना जी?"

यमुना मात्र शांतपणे म्हणाली, "तुमी मुहूर्त पायत राह्यले. कंपनीनं बुडताना पायला का?"

साहेबांनी दाव्याचा फॉर्म दिला. मी हळूच म्हणालो, "आज अमावस्या हाय, परवा भरू..."

यमुनेनं फॉर्म माझ्या हातातून ओढून तिथंच भरला.

मशीनचा लिलाव झाला, सगळ्यांचे वाटे पडले. आमच्या वाट्याला एका पाटलीपुरतं आलं. यमुना ती डाव्या हातात घालते. उजवा हात माझ्याशी बोलायला मोकळा ठेवते.