पेपरवेटाची ओळख परेड

सही नसलेल्या काचेच्या पेपरवेटानं आपला बनवणारा स्वतः ओळखून दाखवायचा, असा नियमच आहे, म्हणून सोमवारी संग्रहालयात ओळख परेड ठेवली होती. पेपरवेट पावणेअकरालाच येऊन टेबलावर बसला. माणसं उशिरा आली.

माणसं म्हणजे बंद पडलेल्या काचकारखान्यातले तीन म्हातारे. पाळी संपताना भट्टीत उरलेल्या काचेचे पेपरवेट करायची तिथं रीत होती, पण त्यावर नाव घालायला बंदी. त्यामुळे तिघांतल्या यासीन मणेरनं चाळीस वर्षं काच केली, तरी त्याचं नाव रेशनकार्ड सोडून कुठंच नव्हतं. आज ओळख पटली नाही तर पेपरवेटाच्या चिठ्ठीवर 'कारागीर अज्ञात' लागणार आणि विषय कायमचा मिटणार. यासीननं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"काही खूण?" लेखनिक टिपरेबाईंनी पेपरवेटाला विचारलं.

"पोटात बुडबुडा आहे. मला करताना तो हसला आणि हात हलला. ते हसू ऐकलं की सांगतो."

बाईंनी लिहून घेतलं. "एकेकानं हसा. मोठ्यानं."

बापू कोष्टी कवळी सावरत हसला.

"हा नव्हे."

यासीनचा भट्टीवरचा जोडीदार श्रीपती ढेंबरे पोट धरून हसला.

"हा नाटकी आहे."

"अरे चिमुरड्या, तुझ्यासाठी वाळू चाळलीय मी!"

"पेपरवेटाशी वाद घालू नका," बाई म्हणाल्या. "पुढचे."

यासीनला हसूच येईना. भट्टी विझल्यापासून असं हसायचं कारणच पडलं नव्हतं. त्यानं कसंबसं "हॅ हॅ" केलं.

"शेळी वाटतेय," पेपरवेट म्हणाला.

बाईंनी चिठ्ठीवर 'अज्ञात'मधला पहिला 'अ' लिहिला.

श्रीपतीनं तो 'अ' पाहिला. नाव त्यालाही हवं होतं, सुनेला तसं सांगून आला होता. तरी तो यासीनच्या कानाशी वाकला. "यासन्या, फोरमननं शेकायला ठेवलेली भाकरी आठवते? आपण ती काढून तिथं त्याचीच चप्पल ठेवली..."

"आणि त्यानं चटणी लावली!"

यासीन फुटलाच. नाकातून शिट्टी वाजली, डोळ्यांतून पाणी आलं, टेबल गदगदलं. घटकाभर त्याला भट्टीची धग गालावर लागली, पाळीचा भोंगा ऐकू आला.

"हाच," पेपरवेट म्हणाला. "आणि तेव्हा त्याच्या कानाशी कुजबुजणारा तो हा."

"रकाना एकच आहे," बाई म्हणाल्या.

"मणेर लिहा," श्रीपती म्हणाला. "ढेंबरे मावायचं नाही."

बाईंनी 'अ' खोडून मणेर लिहिलं. मग पेपरवेटानं तासाभराची रजा मागितली, दोघांबरोबर चहाला जायला.

"कारण?"

"घरगुती."

बाईंनी रजा मंजूर केली आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला.