भयंकरा मुलीकडची

कार्टूनच्या सिनेमातली माणसं काम नसलं की आमच्या दुकानामागच्या चाळीत राहतात आणि त्यांचे कपडे मी शिवते. कराडात आणखीही शिंपी आहेत, पण ते म्हणतात, ही माणसं बाजूनं बघितली की दिसत नाहीत, मापं कशी घ्यायची? दिसतात. जरा उजेडाला धरावं लागतं, एवढंच.

चाळीतल्या पहिल्या खोलीत राजकन्या शुभ्रकला आणि राक्षसीण भयंकरा अशा दोघी राहतात. सिनेमात त्यांचं हाडवैर असतं. भयंकरा शुभ्रकलेला मनोऱ्यात कोंडते, राजपुत्र तिला सोडवतो, भयंकरा दरीत पडते आणि मग लग्न लागतं. घरी आल्यावर भयंकरा भाकऱ्या थापते आणि शुभ्रकला तव्यावरच्या उलटते. राजपुत्र शेजारी राहतो. त्याला नाव नाही, ते द्यायचं राहून गेलंय. मुलगा चांगला आहे. फक्त त्याला रडायची परवानगी नसल्यामुळे तो कांदे चिरायला आमच्याकडे येतो.

शुभ्रकलेची कंबर माझ्या बांगडीएवढी आहे. पोळी खाल्ली की ती कुठं जाते, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडलाय, पण वाढत्या वयाच्या मुलीला असं विचारू नये. भयंकरा काळीभोर, अंगानं दणकट आणि आमच्या माहेरच्या गावासारखं बोलणारी. राजवाड्यातली सगळी पुस्तकातलं मराठी बोलतात आणि राक्षसीण, मोलकरीण व चोर तेवढे आमच्यासारखं बोलतात. ते वरूनच ठरलेलं असतं.

गेल्या महिन्यात नव्या सिनेमातलं दरीत पडणं आणि लग्न एवढंच उरलं होतं. तेव्हा शुभ्रकला दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"हेमलतामावशी, मला लग्नात आई हवी आहे."

अडचण खरी होती. सिनेमातल्या राजकन्यांच्या आया सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वारलेल्या असतात. बाप असतो, पण तो दाढी कुरवाळतो आणि डोळे पुसतो, त्याला दुसरं काही काढलेलं नाही.

"मग आई कोण होणार?" मी विचारलं.

"भयंकरा. मी नुसती पेन्सिलीत होते ना, रंगसुद्धा भरला नव्हता, तेव्हापासून हीच माझी वेणी घालते."

भयंकरा दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"आगं येडे, मी कशी येणार? मी तवर दरीत पडल्याली असती. आन् काळी बाई बघून वऱ्हाडातली पोरं भ्याली मंजी?"

"माझी मुलं मला बघून भ्याली नाहीत," मी म्हटलं. मी काही हिच्यापेक्षा फार उजळ नाही. तिला आत बोलावून मी छातीचं माप घेतलं. माझ्या सासूबाईंचं लिंबाच्या रंगाचं नऊवारी पेटीत होतं. त्यावर जाईल असं कापड काढलं आणि ब्लाऊज बेतायला घेतला.

"पिवळा? माझ्या अंगाला?"

"झेंडू काळ्या मातीतच उगवतो की."

"तुमी लई बोलता बाई," ती म्हणाली, पण तिनं कापड दोनदा गालाला लावून पाहिलं.

बातमी वर गेली. दुसऱ्या दिवशी त्या दोघी आणि राजपुत्र दुकानात बसलेले असताना रंगखात्याचे पेंडुरकर साहेब स्वतः आले. सभ्य माणूस. चप्पल बाहेर काढून आत आले, पाणी प्यायले आणि मशीनवरचा ब्लाऊज दोन बोटांनी उचलला.

"हा कुणाचा?"

"मुलीच्या आईचा."

"ताई, राक्षसिणीला काळा, जांभळा आणि धुराचा हिरवा एवढेच रंग मंजूर आहेत. पिवळा चांगल्या माणसांचा आहे."

"ती चांगलीच आहे हो."

"असेल. पण प्रेक्षकांना ते पहिल्या मिनिटात कळायला हवं. गोरी ती चांगली, काळी ती वाईट, नाजूक ती लग्नाची, दांडगी ती दरीची. लहान मुलं बघतात. त्यांचा गोंधळ होता कामा नये."

"मुलांच्या घरी आया कोणत्या रंगाच्या असतात, साहेब?"

साहेबांनी हातातला ब्लाऊज उलटा करून पाहिला. "तो विषय आमच्या खात्याकडे नाही," ते हळूच म्हणाले. "मला वरून एकच सांगितलंय. लग्नाच्या चित्रात भयंकरा दिसायची नाही. दिसली, तर मला तिला पुसावं लागेल. सगळीच. मला ते आवडणार नाही."

शुभ्रकलेनं भयंकरेचा हात धरला. राजपुत्रानं कांदा मागितला. मी कात्री खाली ठेवली. पुसलेलं माणूस परत तसंच काढता येत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"साहेब, तुमचं लग्न कुठं झालं?"

"सावंतवाडीला."

"मंगलाष्टकं चालू होती तेव्हा तुमच्या सासूबाई कुठं होत्या?"

ते आठवू लागले. "दिसल्या नाहीत बुवा. मागच्या अंगणात असाव्यात. तुळशीपाशी."

"लग्न लागताना मुलीची आई मांडवात नसतेच. तिनं बघायचं नसतं, ऐकायचं नसतं. ती मागं तुळशीला पाणी घालत बसते. लागलं की कुणीतरी तिला बोलावून आणतं."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "म्हणजे ती चित्रात नसेल."

"नसेल."

"आणि तरी आई असेल."

"म्हणूनच नसेल."

"पण दरीत पडावं लागेल, ताई. ते काही मला टाळता येणार नाही."

"पडते की," भयंकरा म्हणाली. "रोजचंच हाय. फकस्त खाली येक तुळस काढून द्या."

साहेबांनी बोटांवर रंग मोजले. मग म्हणाले, "हिरवा शिल्लक आहे थोडा. वृंदावनाचं बघतो. गेरू लागेल." जाताना त्यांनी ब्लाऊज घडी घालून ठेवला. नीट घातली घडी.

लग्नाच्या दिवशी मी निऱ्या सांभाळायला कड्यावर गेले होते. भयंकरेनं काळा झगा पांघरला होता, आत नऊवारी. राजपुत्रानं तलवार उगारली. ती ठरल्याप्रमाणे विकट हसली, त्याला हळूच म्हणाली, "पोरीला जप रं," आणि पदर खोचून, हातातला तांब्या सांडू न देता दरीत पडली.

वर अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळीकडे गुलाबी होतं. शुभ्रकला खाली मान घालून उभी होती, तसंच काढलेलं होतं तिला. खाली भयंकरा झगा बाजूला टाकून, आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि नव्या तुळशीला बारीक धारेनं पाणी घालत होती.

शेवटचं "सावधान" झालं, अक्षता पडल्या. मग पडद्यावर कामगारांची नावं वर सरकू लागली. तेव्हा थिएटरात दिवे लागतात आणि लोक चपला शोधू लागतात, म्हणून पुढचं फारसं कुणी पाहिलेलं नाही. जरा बसून राहिलात तर दिसेल. नावांच्या मागे नवरी शालू वर धरून कड्याशी येते, वाकते आणि हाक मारते, "आई, लागलं गं. ये जेवायला."

पिवळं नऊवारी नेसलेली एक काळी बाई दरीतून चढून वर येते. तिला थोडा वेळ लागतो. पानं वाढलेली असतात, पण तोवर कुणी जेवायला बसत नाही.