सुमनकाकींचं कोपर

सुमनकाकींनी मला फसवलं. डिलाईल रोडच्या चाळीत भिंतीला भिंत लावून राहून फसवलं. दादरच्या फुटपाथवर ब्लाउजपीस विकत मी स्वतःच्या दुकानापर्यंत आले. मला फसवणं सोपं नाही.

काकींचा कशावरच विश्वास नाही. दूधवाल्याला त्या आधी एक घोट प्यायला लावतात. चाळीत कुणी नवं क्रीम आणलं की हुकूम सुटतो, "आधी माझं कोपर, मग तुझं तोंड!" बाटली त्या ठेवून घेणार, थेंब कोपराच्या आत चोळणार, आणि आपण रोज संध्याकाळी जाऊन निकाल विचारायचा.

माझी त्वचा नाजूक. मागे व्हिटॅमिन सीचं एक जालीम सीरम लावून तोंड भाजल्यासारखं झालं होतं. म्हणून या वेळी केमिस्टशी भरपूर हुज्जत घातली. तो म्हणाला, "ताई, हे त्याचंच सौम्य रूप. हळू काम करतं, पण सहसा झोंबत नाही." सौम्य म्हणे! गोड बोलणाऱ्याचा मला आधी संशय येतो. बाटली काकींकडे दिली.

"काय म्हणतंय कोपर?"

"थांब गो वनिता, जरा खाजता हा. उद्या ये. बस, च्या घे."

रोज चहा, रोज खाज. म्हातारी माझं सीरम स्वतःच्याच तोंडाला फासतेय, अशी माझी खात्री झाली.

रविवारी भांडायच्या तयारीनेच दार ढकललं. काकी सुरमईच्या तुकड्यांना तिखट, मीठ, लिंबू चोळत होत्या. हात कोपरापर्यंत मसाल्याने माखलेले.

"झोंबत नाही?"

"माझ्या हाताक काय होताला? जल्मात कधी झोंबला नाय," काकी बोलून गेल्या.

"मग ती खाज?"

त्यांनी फळीकडे बघितलं. तिथे माझी बाटली होती, सीलसकट.

"बाटली परत दिलंय तर तू कित्याक येशीत?"

मी सील फोडलं, थेंब माझ्याच कोपराला लावला आणि बाटली पुन्हा त्यांच्याच फळीवर ठेवली. म्हटलं, "रोज इथेच येऊन लावणार. चहात साखर कमी घाला."

पण मी एवढ्यावर सोडणार नाही. काकींचा मुलगा माटुंग्याला राहतो. माटुंगा काय परदेशात आहे? त्याने इथे यावं, तिच्यासमोर बसावं आणि आईला शेजारणीची बाटली अडवून माणूस घरात आणावा लागतो, याचा जाब मला द्यावा.