सासऱ्यांच्या छातीवरची पाल

आमच्या मारोआन्त्सेत्रा गावात माझ्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं, मी माझा वाटाड्याचा धंदा त्याला आंदण देतो!

आमच्या मादागास्करात सरडे, पाली, बेडूक, साप एवढे, की देवानं बाकीच्या जगाला चिमूट चिमूट वाटून उरलेलं पोतं आमच्यावर पालथं केलंय. हे बघायला दूरदेशीचे पाहुणे येतात. मी त्यांना होडीनं समोरच्या बेटावर नेतो. तिथला सगळ्यात अवघड जिन्नस म्हणजे छातीचिकटी. वीतभर लांबीची पाल, दिवसभर खोडावर उलटी झोपते आणि दिसते हुबेहूब झाडाच्या सालीसारखी. पाहुणे तिच्यावर हात टेकून विचारतात, "कुठाय?" मी वीस पावलांवरून दाखवतो!

गावात मात्र तिची दहशत. ती माणसाच्या छातीवर उडी मारते आणि एकदा चिकटली की वस्तऱ्यानं कातडीसकट कापूनच काढावी लागते, असं जो तो सांगतो. तसा कापलेला माणूस मला अजून कुणी दाखवलेला नाही.

तर माझं लालासुआवर प्रेम बसलं. तिचे वडील राझाफिमानित्रा लवंगांचे मोठे व्यापारी, मिशा अशा की बैल बाजूला व्हावा. पण साधी पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारा माणूस!

"सरडेवाल्याला मुलगी द्यायची? उद्या माझ्या पांघरुणात बेडूक निघतील!" ते म्हणाले. लालासुआनं दोन दिवस जेवणाला हात लावला नाही, तेव्हा कुठं जरा नरमले. "बरं, येऊ दे त्याला मागणी घालायला, रीतीप्रमाणं मानाची मेंढी घेऊन. पण त्या दिवशी माझ्या अंगणात एक जरी सरपटणारं दिसलं, तर मेंढी घेऊन परत जायचं!"

"एवढंच ना?" मी म्हणालो. "अंगण मी स्वतः साफ करतो!"

मागणीच्या दिवशी उजाडताच मी पोती घेऊन हजर झालो. कुंपणावर हिरवे-तांबडे शामेलिऑन, म्हणजे रंग बदलणारे सरडे, चढले होते. सासरेबुवा खिडकीतूनच दाखवत होते, "तो बघ! तो दुसरा!" तेही बोट वाकवून, कारण शामेलिऑनकडे सरळ बोट दाखवणं आमच्याकडं निषिद्ध. गटारात टोमॅटोसारखे लालबुंद बेडूक फुगून बसले होते; हातात घेतले तर बोटं डिंकात बुडवल्यासारखी चिकट! केळीवरच्या हिरव्या पाली झाल्या, आणि कोंबड्यांच्या खुराड्यात निघाला अजगराचा भाऊबंद, बोआ!

"जपून हं!" सासूबाई ओरडल्या. "मेलेली माणसं बोआ होऊन परत येतात, कुणाचे तरी पूर्वज असतील!"

"आमच्याकडचे नसणार," सासरे आतून गरजले. "आमच्याकडचे कोंबडी विकत घेऊन खात!"

सगळी वरात मी पोत्यांत भरून शेजारच्या झेलीन काकूंच्या परसात सोडली. काकू बाजारात गेल्या होत्या, त्यामुळं विचारायचा प्रश्नच नव्हता. मग अंगणातल्या फणसाला हात टेकून मी जाहीर केलं, "आता औषधालाही शेपूट सापडणार नाही!"

लालासुआनं माझ्याकडं पाहिलं, फणसाकडं पाहिलं आणि वडिलांची खुर्ची उचलून त्याच्या सावलीत मांडली.

पाहुणे जमले. आमच्याकडं मागणीच्या वेळी नवऱ्यामुलानं तोंड उघडायचं नसतं. त्याच्या वतीनं वक्ता बोलतो. माझे वक्ते होते रालाही काका. वक्त्यानं आधी क्षमा मागायची असते, बोलण्याची, उभं राहण्याची, आपल्याहून थोर माणसं हजर असण्याची. काका त्यात इतके मुरलेले, की त्यांच्या क्षमेत एक भात शिजून होई.

ते तिसऱ्या क्षमेवर होते, तेवढ्यात झेलीन काकू पळीसकट अंगणात घुसल्या.

"माझ्या भाताच्या पातेल्यात लाल बेडूक! दोरीवरच्या झंपरात शामेलिऑन! आणि खुराड्यात बोआ जांभया देतोय! कुणाचं हे काम?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी काकांच्या कानाला लागलो, "सांगा, अंगण साफ करायला सांगितलं होतं, शेजार नव्हे!"

सासरे ताडकन उठायला गेले. खुर्ची मागं खोडावर आदळली आणि खोडाची साल निघून धप्पकन त्यांच्या छातीवर बसली! सालीनं तोंड उघडलं. आत लालभडक!

"छातीचिकटी!" कुणीतरी किंचाळलं. अंगण क्षणात रिकामं झालं. सासूबाई मात्र धावत आल्या, त्या न्हाव्याचा वस्तरा घेऊनच!

"ए, तो दूर ठेव!" सासरे पुतळ्यासारखे उभे. मिशासुद्धा ताठ.

मी काकांना ढोसलं, "सांगा, हलू नका म्हणावं, मी काढतो."

काका घसा खाकरून उभे राहिले. "इथं जमलेल्या वडीलधाऱ्यांची, त्यांच्याही वडीलधाऱ्यांची, मी लहान तोंडी मोठा घास घेतो म्हणून..."

"अरे, मेलो मी!" सासरे कळवळले. "क्षमा केली! सगळ्यांना केली! पुढं बोल!"

"...आणि मुलाकडून नम्रपणे असं सांगण्यात येतं की..."

सासूबाईंनी वस्तरा उघडला. मग कसली रीत आणि कसलं काय! मी सरळ पुढं झालो, पालीच्या पोटाखाली बोट सारलं, तिची बोटं एकेक करून अलगद सोडवली आणि तिला पुन्हा फणसावर ठेवलं. सासऱ्यांनी सदरा उघडून बघितलं. ओरखडासुद्धा नाही! मला तर नाचावंसं वाटलं.

त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या पुन्हा लावल्या. मग ते म्हणाले, "मुलगी दिली! असा माणूस घरातच असलेला बरा. पण राहायचं इथंच, माझ्या शेजारच्या खोलीत."

तर मी घरजावई झालो. संध्याकाळी लालासुआला ऐटीत म्हणालो, "बघितलीस माझी हिंमत?"

"बघितली. नजरही बघितली," ती म्हणाली. "सकाळी फणसाला हात टेकलास ना, तेव्हा तिचं शेपूट तुझ्या अंगठ्याखाली होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू तीही पोत्यात भरली असतीस. आणि बाबांनी नाही म्हणायला दुसरं काहीतरी शोधलं असतं."

हल्ली बेटावर जाताना मी लालासुआला बरोबर नेतो. पाहुण्यांना वाटतं, पाण्याच्या बाटल्या उचलायला आणलीय. एखाद्या झाडापाशी ती हळूच खोकते, की मी लगेच तिकडं हात करून मोठ्या रुबाबात सांगतो, "ती बघा! वीस पावलांवरून ओळखली!"