अनंताभावजींची पिवळी टोपी

माणसं बाहेरून घरी आली की चपला काढतात, टोपी काढतात. आमचे शेजारी अनंताभावजी घराच्या दाराशी आले की टोपी घालतात. दिवसभर उघड्या टकलानं रोह्याला जाऊन येतील, उन्हात डोकं तापवून घेतील. पण स्वतःच्या पायरीशी थांबून पिशवीतून एक विटकी पिवळी क्रिकेटची टोपी काढतील, कपाळावर नीट ओढतील आणि मगच कडी वाजवतील. पेणमध्ये विक्षिप्त माणसांचा तुटवडा नाही, पण हे कोडं मला काही सुटेना.

त्यात भावजींचं पोटच टोप्यांवर. रोह्याकडच्या एका प्रयोगशाळेत ते शास्त्रज्ञ आहेत. आपल्या पेशींत आरएनए नावाचे निरोप्याचं काम करणारे धागे असतात, त्यांच्या डोक्यावर टोपी असते आणि ती कुठली हे भावजी ओळखतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, हे शिंप्याकडे तर नाहीत ना कामाला?"

त्यांच्या भिंतीला भिंत लावून आमचा गणपतींचा कारखाना. संध्याकाळी गाडीतून उतरले की भावजी आधी आमच्याकडे चहाला येतात आणि आल्याआल्या कुणाचं तरी डोकं फिरवतात. त्यांचा एक परवलीचा शब्द आहे, "कंट्रोल कुठाय?" म्हणजे ताडून बघायला शेजारी दुसरं काय ठेवलं होतं? मी म्हटलं, यंदाची शाडू बरी, मूर्तीला तडा जात नाही. "कंट्रोल कुठाय, वहिनी? जुन्या शाडूची एक मूर्ती शेजारी वाळवली व्हती का?" एकदा दृष्ट काढल्यावर सासूबाईंचं डोकं दुखायचं थांबलं. भावजी म्हणाले, "दुसरी एक सासू शेजारी बसवायला पायजे व्हती, दृष्ट न काढता." सासूबाईंनी पुढे बरेच दिवस त्यांच्या चहात साखर घातली नाही.

घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. थोरला भाऊ नामा खाडीकाठच्या गावी मिठागरावर होता. तो अपघातात गेला, तेव्हा भावजी आईला पेणला घेऊन आले. म्हातारीची आठवण हल्ली कापरासारखी उडते. दुपारी माझ्याच हातचं जेवते आणि मलाच विचारते, "तू कोनाची गो?" भावजी हसण्यावारी नेतात; पण आपल्यालाही एक दिवस हाच प्रश्न येणार, या धास्तीनं ते आतून पोखरले आहेत, हे मला दिसतं.

मागे एकदा मी हट्टच धरला. म्हटलं, ह्या धाग्यांच्या टोप्यांचं एकदा काय ते समजावून सांगा. भावजी खुलले. रंग न दिलेल्या दोन सारख्या मूर्ती त्यांनी पाटावर ठेवल्या आणि पिशवीतली पिवळी टोपी एका गणपतीच्या मुकुटावर चढवली.

"बघा वहिनी. नेहमीची टोपी ठरलेली असते. पन काही धाग्यांवर भलतीच टोपी असते. डोळ्यांना दिसत नाय. मग आमी धागे एका जेलीतून पळवतो. जेलीत असा पदार्थ घालतो, की त्यात ती टोपी अडकते आनि धागा मागं ऱ्हातो."

"म्हणजे मिरवणुकीत उंच मुकुटाचा गणपती विजेच्या तारांत अडकतो, तसं?"

"व्हय! पन टेम्पो मागं ऱ्हायला तो मुकुटामुळं, की टायर पंक्चर म्हनून? कंट्रोल कुठाय? म्हनून त्याच धाग्यांचा दुसरा वाटा घ्यायचा, त्यांची टोपी कापायची आनि त्याच जेलीतून पळवायचा. आता सुसाट गेला, तर अडकत व्हती ती टोपीच."

"आणि कापलेली टोपी?"

"ती येगळ्या यंत्रावर तोलतो. वजनावरनं कळतं कुनाची ती."

मी मान डोलावली, पण डोक्यात नुसता लगदा झाला होता. एवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला आणि भावजी बोलत बोलत रस्त्यावर गेले. मी आत भाकऱ्या थापायला बसले.

आमच्या कारखान्यातली कुसुम रंगकामात हुशार, फक्त विचारत नाही. हल्ली गिऱ्हाइकं फोटो दाखवून काय वाट्टेल ते मागतात. कुणाला फेटा हवा, कुणाला पगडी. टोपी घातलेला गणपती बघून तिला वाटलं, कुठल्या तरी क्रिकेटच्या मंडळाची ऑर्डर. तिनं टोपी ओल्या शाडूनं पक्की लिंपली आणि वर सोनेरी स्प्रे मारला.

भावजी परत आले आणि बघतच राहिले. बाहेर जाऊन स्वतःच्या पायरीशी उभे राहिले ते राहिलेच.

"अहो, जा की घरात. टोपी मी उद्या धुऊन देते," मी म्हटलं.

"टोपी नामाची हाय, वहिनी." ते म्हणाले. "गावच्या टीमची. तो गेल्यावर मी एकदा सहज डोक्यावर घातली, तर आई म्हनाली, 'नामा, आलास?' किती दिसांनी हसली व्हती! मंग रोजच घालाया लागलो. टोपी असली की ती मला नामा म्हनून वळखते. टोपी काढली तर..."

"तर?"

"म्हाईत नाय. कधी काढून बगितलीच नाय तिच्यासमोर."

जगाकडे कंट्रोल मागणारा हा माणूस घरात मात्र तो करायला घाबरत होता. मला हसूही येईना आणि रडूही. तेवढ्यात कडी आतूनच निघाली. म्हातारी दारात उभी. तिनं भावजींच्या टकलाकडे पाहिलं, मग तोंडाकडे, पुन्हा टकलाकडे. मी देवाचं नाव घेतलं.

"अनंता!" म्हातारी म्हणाली. "किती दिसांनी आलास रं? नामा बिचारा रोज येतो. तुलाच आईची आठवन नाय."

भावजी पायरीवरच खाली बसले. म्हातारी त्यांच्या टकलावरून हात फिरवत राहिली.

टोपीवरचा सोनेरी रंग पुरता निघाला नाही, पण म्हातारीची तक्रार नाही. हल्ली भावजी रोज संध्याकाळी उघड्या डोक्यानं पुढच्या दारानं घरात जातात आणि अनंता म्हणून जेवतात. मग परसातून बाहेर पडून, टोपी घालून, पुन्हा कडी वाजवतात आणि नामा म्हणून जेवतात. पोट सुटलंय. मी म्हटलं, भावजी, दुसऱ्या वेळी थोडं कमी जेवत जा.

"नाय जमत, वहिनी," ते म्हणाले. "नामा जेवला नाय, तर ती अनंताला रागावते."