प्रोजेक्टरचा पक्का सांधा

तुम्हाला म्हणून सांगतो, मला जोडता येणार नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे! एकतीस वर्षं मी नळजोडणीचं काम करतोय. अर्ध्या इंचाला पाऊण इंच जोडलंय, लोखंडाला प्लॅस्टिक जोडलंय, आजोबांच्या काळातल्या टाकीला नातवाच्या काळातला पंप जोडलाय. आणि मी जोडलेला सांधा गळला, अशी तक्रार आजवर एकानेही केलेली नाही. एकदा एकाने केली होती, पण त्याची बादलीच फुटकी निघाली.

त्यामुळे बायकोने जेव्हा विचारलं, "अहो, सभेत लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचाय, कुणाला सांगू?" तेव्हा मला हसूच आलं.

"कुणाला म्हणजे? घरात मी असताना?"

"ते नळासारखं नसतं हो."

"नसेना का! इकडे एक तोंड, तिकडे एक तोंड, मधे वायर. एकीकडून सोडायचं, दुसरीकडून बाहेर पडायचं. आणखी काय असतं त्यात?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरा एखादा असता तर तिथेच गप्प बसला असता. मी बसलो नाही. इथूनच सगळं सुरू झालं.

आता ही सभा कसली, ते सांगतो. आमच्या इमारतीत तळमजल्यावर सोसायटीची एक खोली आहे. त्या खोलीत माझी बायको गेली अकरा वर्षं पाळणाघर चालवते. चौदा पोरं! कुणाची आई नर्स, कुणाचा बाप बसवर ड्रायव्हर. सकाळी रडत येतात आणि संध्याकाळी घरी जाताना त्याहून जोरात रडतात. खोलीच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष राहतात. निवृत्त माणूस, आवाज भारदस्त, आणि दुपारची झोप त्यांना जिवापेक्षा प्यारी. दोन वाजता डोळा लागायला आणि खालून ठोकाठोक सुरू व्हायला एकच गाठ पडते, अशी त्यांची तक्रार. शेवटी त्यांनी ठराव आणला: पाळणाघर बंद करा आणि त्या खोलीत वाचनालय करा. 'शांत वाचनालय' असं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं!

मतदान शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता. बायकोला बोलायला दहा मिनिटं दिली होती. त्या दहा मिनिटांसाठी ती पंधरा दिवस राबत होती. पोरांचे फोटो, त्यांनी काढलेली चित्रं, आईबापांची पत्रं असं सगळं जमवून तिने धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, लॅपटॉपवर बावीस पानं तयार केली होती. एके दिवशी पोरांच्या छोट्या छोट्या चादरींच्या घड्या घालता घालता ती एकदम थांबली. म्हणाली, "खोली गेली तर या चौदा चादरी कपाटात ठेवून मी करू काय हो?"

त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं, हा सांधा आपण असा मारायचा, की जन्मात सुटता कामा नये!

शनिवारी पाचला मी कामाची पिशवी खांद्याला लावून हॉलमध्ये हजर झालो. चाळीसेक सभासद खुर्च्यांवर बसले होते. सर्वांत मागे, पंख्याखालच्या एकुलत्या एक हातांच्या खुर्चीत अध्यक्ष. सचिवांनी सोसायटीच्या कपाटातून प्रोजेक्टर काढला आणि त्यावर फुंकर मारली. पुढच्या दोन रांगा खोकायला लागल्या.

"नळवाले, तुम्ही जोडणार?" सचिवांनी विचारलं.

"शंका आहे?"

वायर हातभर लांब. त्यामुळे लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकाच टेबलावर, हॉलच्या मध्यावर ठेवावे लागले. प्रोजेक्टरचं तोंड रुंद, लॅपटॉपचं तोंड अरुंद. पण त्यासाठी मेहुणीने मधे लावायला एक डबीसारखी वस्तू दिली होती. आमच्या धंद्यात हिला रिड्यूसर म्हणतात. म्हणजे बघा, नळासारखंच की सगळं! त्यात प्रोजेक्टरकडच्या टोकाला चक्क दोन बाजूंना दोन स्क्रू होते. मला भरूनच आलं. इतका वेळ परक्या गावात हिंडावं आणि अचानक मामा भेटावा, तसं झालं. मी पक्कड काढली आणि दोन्ही स्क्रू आवळले.

"अहो, हाताने आवळतात ते!" सचिव म्हणाले.

"हाताने आवळलेलं टिकत नाही, साहेब." आतून कट्ट असा आवाज आला. पक्कं बसल्याची खूण!

बटण दाबलं. भिंत निळी झाली आणि त्यावर अक्षरं आली: सिग्नल नाही.

म्हणजे पाणी पुढे येत नव्हतं. मी मेहुणीला फोन लावला. ती ऑफिसात होती.

"भाऊजी, प्रोजेक्टरवर सोर्सचं बटण असेल, ते दाबा."

मी दाबलं. आणि काय सांगू, भिंतीवर पाळणाघर अवतरलं! फक्त उलटं. पोरं छताला पाय लावून जेवत होती. सभासदांनी माना वाकड्या केल्या. एक आजोबा तर खुर्चीवर असे कलंडले, की दोघांनी त्यांना सरळ केलं.

"पूर्वी तो छताला उलटा टांगलेला होता," सचिवांनी खुलासा केला. "सेटिंग तेच राहिलंय."

सेटिंग कोण शोधत बसणार? मी प्रोजेक्टरच उलटा केला आणि खाली पाळणाघरातले चार लाकडी ठोकळे दिले. पोरं सरळ झाली! टाळ्या पडल्या. मी किंचित वाकून त्या स्वीकारल्या.

"सव्वापाच झाले!" मागून अध्यक्ष गरजले. "आणि ते ठोकळे नीट बघून ठेवा मंडळी! दुपारी दोन वाजता माझ्या पलंगाखाली हेच आपटत असतात!"

तेवढ्यात चित्र गेलं. मी वायर जरा डावीकडे ओढून धरली, चित्र आलं. सोडली, गेलं. धरली, आलं. म्हणजे निदान सरळ होतं: लॅपटॉपच्या तोंडाशी सांधा ढिला! आता माणूस वायर धरून किती वेळ उभा राहणार? मी पिशवीत हात घातला. पाइपाच्या सांध्याला लावायची दोन रंगांची पुट्टी असते. मळून लावली, की दहा मिनिटांत धरते आणि तासाभरात दगड होते. मी ती मळायला घेतली.

"अहो, ते काय करताय?" बायकोने विचारलं. तिच्या कडेवर पाळणाघरातली सर्वांत लहान पोर होती. वय दीड वर्ष. आई नर्स, ती ड्यूटीवरून सहाला यायची होती.

"काही नाही, आधार देतोय."

"माझ्या बहिणीचा लॅपटॉप आहे तो!"

"म्हणूनच चांगल्या कंपनीची पुट्टी लावतोय!"

मी लॅपटॉप, ती डबी आणि वायर यांच्याभोवती पुट्टीचा असा सुबक गोळा बसवला, की एखाद्याने प्रदर्शनात मांडावा. "दहा मिनिटं कुणी टेबलाला हात लावायचा नाही!" मी जाहीर केलं. सभासद कुरकुरले, दोघे चहाला निघाले, अध्यक्षांनी पुन्हा वेळ सांगितली. बायकोने पोरीला खाली ठेवलं आणि कागद चाळत ओठांतल्या ओठांत भाषण घोकायला लागली. मी वाकून पुट्टीवर फुंकर घालत होतो. त्या दहा मिनिटांत हॉलमध्ये आणखी काय घडत होतं, याकडे माझंच काय, कुणाचंच लक्ष नव्हतं.

पुट्टीने धरलं. चित्र आलं आणि आलं ते राहिलं! मी दोन्ही हात वर केले. बायको भिंतीजवळ गेली, घसा साफ केला आणि म्हणाली, "नमस्कार. आमच्या पाळणाघरात..."

"काही दिसत नाही! मोठं करा!" कुणीतरी ओरडलं. खरंच, पान कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं.

पुन्हा फोन. "भाऊजी, मीटिंगमध्ये आहे मी! वरच्या ओळीतलं पाचवं बटण. एकच दाबा हं!"

एकच! माझं बोट बघितलंय का तुम्ही? एकतीस वर्षं नट आवळायचे पाने फिरवलेलं बोट ते. एक दाबायला गेलं, की शेजारची दोन आपोआप दबतात. पान नाहीसं झालं. त्याच्या जागी भिंतभर काहीतरी काळं, गोल आणि केसाळ आलं. लोक पुढे झुकून बघायला लागले. मीही बघितलं. ती माझी नाकपुडी होती!

लॅपटॉपचा कॅमेरा सुरू झाला होता. चाळीस माणसं एका सुरात हसली. मी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पंधरा दिवस राबलेली बाई, आणि तिच्या बावीस पानांच्या जागी माझं नाक! मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. म्हणून मी सरळ टेबलाखाली शिरलो आणि प्लग तपासतोय असं सोंग करत बसलो.

वर हसणं चाललं होतं. मग ते एकाएकी थांबलं. इतकं थांबलं, की मला वाटलं, प्रोजेक्टर जळाला! आणि त्या शांततेत कुठूनतरी हलकासा आवाज यायला लागला. "हूं... हूं... हूं..."

मी टेबलाच्या कडेवरून डोळे तेवढे वर काढले. भिंतीवर आता माझ्या मागचा हॉल दिसत होता. शेवटची रांग, पंख्याखालची हातांची खुर्ची आणि त्या खुर्चीत भिंतभर मोठे अध्यक्ष. त्यांच्या मांडीवर ती दीड वर्षांची पोर गाढ झोपली होती. मुठीत त्यांचा चष्मा. आणि अध्यक्ष डोळे मिटून, हळूहळू डुलत तिला थोपटत होते. "हूं... हूं..." तोही त्यांचाच आवाज!

चाळीस माना एकदम मागे वळल्या. खुर्च्या करकरल्या तसे अध्यक्षांनी डोळे उघडले. आधी आमच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या स्वतःकडे. चेहरा लाल झाला, पण हात थोपटायचा काही थांबेना.

कुणीतरी टाळी वाजवली.

"हळू!" अध्यक्ष दबक्या आवाजात खेकसले. "आत्ता झोपलीय ती!"

बायकोने हातातले कागद मिटले. मला वाटलं, रडणार आता. पण ती शांतपणे म्हणाली, "अशी चौदा आहेत, साहेब." बस्स. दहा मिनिटांचं भाषण तिने तेवढ्यातच संपवलं. मी तसाच टेबलाखाली होतो.

मतदान झालं ते असं, की इतकी शांत सभा आमच्या सोसायटीने कधी पाहिली नव्हती! सचिवांनी कुजबुजत विचारलं, "पाळणाघर राहू द्यावं, असं कुणाकुणाला वाटतं?" हात वर गेले, पुढे, मागे, सगळीकडे. अध्यक्षांचा एक हात पोरीच्या डोक्याखाली, दुसरा थोपटण्यात गुंतलेला. त्यांनी मान हलवली.

"साहेब, मान मोजायची का?"

"मोजा की, काय विचारता!" अध्यक्ष कुजबुजले.

जिंकलो! मी टेबलाखालून बाहेर आलो, विजयी वीरासारखा, म्हणजे डोकं आपटून. सगळे बायकोच्या भोवती जमले. मी जरा बाजूला, पण लोकांना दिसेन असा उभा राहिलो. शेवटी कॅमेरा कुणी लावला होता?

तेवढ्यात अध्यक्षांनी बायकोला हळूच विचारलं, "पण एक सांगा. दुपारी दोनला तुम्ही पोरांना ठोकळे देताच कशाला?"

"दोनला? दोन ते चार सगळी झोपलेली असतात, साहेब. मी फॅनसुद्धा बारीक करते."

"मग ते ठण ठण ठण कसलं?"

सचिव विचारात पडले. "दोनला... दोनला पाण्याचा पंप सुरू होतो. पाइप तुमच्या बेडरूमच्या भिंतीवरूनच वर गेलाय ना?" आणि मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले. चार वर्षांपूर्वी तो पाइप मीच जोडला होता. भिंतीला धरून ठेवायचे त्याचे क्लॅम्प लावायला 'उद्या येतो' असं सांगून गेलो होतो. तो उद्या राहूनच गेला.

बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ही नजर मी पंधरा दिवसांपूर्वी ओळखायला हवी होती.

मेहुणीचं म्हणाल, तर लॅपटॉप काही केल्या सुटला नाही. पुट्टीचा दगड झाला होता, स्क्रूंची डोकी गेली होती. सोमवारी ती ऑफिसला एका काखेत लॅपटॉप आणि दुसऱ्या काखेत सोसायटीचा प्रोजेक्टर घेऊन गेली. निघताना म्हणाली, "भाऊजी, यापुढे मला फोन करू नका."

आणि त्याच सोमवारी दुपारी मी अध्यक्षांच्या बेडरूममध्ये शिडीवर चढून भिंतीत पहिला खिळा ठोकायला हातोडी उचलली, तर मागून अध्यक्षांनी माझा पाय घट्ट धरला. तोंडावर बोट!

"हळू! खाली पोरं झोपलीत. चारनंतर या."

मी मुकाट्याने शिडी उतरलो. पाइप वाजत होता, नाही म्हणत नाही. पण मी मुद्दाम हात फिरवून बघितला. चार वर्षांत एक थेंब गळाला नव्हता!